चुकून घातलेली चिठ्ठी

सगळा घोळ एका बोटभर चिठ्ठीचा आहे. १९८३ साली एडिंबरोच्या कॅननगेट प्रकाशनाने अ‍ॅलस्डेअर ग्रे या स्कॉटिश लेखक-चित्रकाराचा ‘अनलाइकली स्टोरीज, मोस्टली’ हा कथासंग्रह काढला. त्याच्या पानांत कागदाची एक पट्टी सरकवलेली होती. वर शुद्धिपत्र असं लिहिलेलं आणि खाली एकच वाक्य: ही चिठ्ठी चुकून घातली गेली आहे. वाचणारा आधी हसतो आणि मग अडकतो. चिठ्ठी खरंच चुकून आली असेल, तर ती म्हणते ते बरोबर; आणि ती बरोबरच सांगत असेल, तर तिच्यात चूक कुठली? पुस्तकातल्या दुसऱ्या कुठल्याच चुकीबद्दल ती बोलत नाही. फेकावी तर पुस्तकाचा तुकडा गेल्यासारखं वाटतं, ठेवावी तर आपणही त्या चुकीत सामील.

शुद्धिपत्र म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. ‘पृष्ठ ४७, ओळ १२ : मरण ऐवजी स्मरण वाचावे’ असल्या ओळी आपण वर्षानुवर्षं निमूटपणे वाचल्या, आणि मूळ पानावर जाऊन पेन्सिलीने दुरुस्ती करणारे त्यात फार थोडे. पण ते छापायची वेळ कधी येते हे बघण्यासारखं आहे. फर्मा (एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा) मशीनवर चढण्याआधी चूक सापडली तर प्रश्नच नाही. फर्मा छापून झालाय आणि बांधणी व्हायची आहे, अशा वेळी ते एक पान कापून, शिवणीकडे बोटभर पट्टी राखून तिच्यावर नव्याने छापलेलं पान डकवता येतं. काम किचकट आणि महाग. बांधणीही उरकली असेल तर उरते ती चिठ्ठी. ती नुसती आत ठेवायची, किंवा आतल्या कडेला तीन-चार मिलिमीटर खळ लावून चिकटवायची. नुसती ठेवली तर पहिल्याच वाचकाच्या मांडीवर गळून पडते. खळ जरा जास्त झाली तर शेजारच्या पानाला धरून बसते आणि सोडवताना ते पानही फाटतं. पुस्तकात सर्वांत शेवटी येणारी, सर्वांत ओशाळवाणी आणि सर्वांत आधी हरवणारी वस्तू ती हीच. अ‍ॅलस्डेअर ग्रेला नेमकी तिथे जागा दिसली. आता जुन्या पुस्तकांचे विक्रेते त्या आवृत्तीची प्रत विकताना जॅकेट कुठे फाटलंय याच्याबरोबर चिठ्ठी आहे की नाही हेही नोंदवतात. चुकून घातलेली वस्तू नसली तर प्रत अपुरी!

लेखकाने लिहीत लिहीत पुस्तकाच्या कुठल्या कडेपर्यंत जायचं असतं?

लेखकानेच आपल्या पुस्तकाचं रूप ठरवणं आपल्याकडे अगदीच नवं नाही. जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले अरुण कोलटकर डोळ्यांसमोर येतातच. पण ग्रेचं वेड निराळं. तो १९३४ साली ग्लासगोच्या रिड्री भागात जन्मला, वडील पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात कामाला होते, आणि १९५२ ते १९५७ या काळात तो ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये भित्तिचित्रं शिकला. हा भिंतीचा अभ्यास त्याच्या पुस्तकांच्या पानापानावर दिसतो. भिंतीवरचं चित्र वीस फूट खालून वाचता आलं पाहिजे. म्हणून बाह्यरेषा ठाम, तिची जाडी जवळपास सारखी, आत रंग सपाट, सावल्यांचे लाड नाहीत. ग्लासगोच्या बायर्स रोडवरच्या ओरन मोर या जुन्या चर्चच्या छतावर त्याने रंगवलेलं निळं आकाश बघा आणि मग त्याच्या कुठल्याही पुस्तकातला तळहाताएवढा चेहरा बघा. हात तोच, फक्त माप बदललं. भिंती मात्र बेभरवशाच्या. ऐन उमेदीत रंगवलेलं एक चर्च भित्तिचित्रासकट पाडलं गेलं. पुस्तकाच्या प्रती हजारोंनी निघतात, एक गेली तरी दुसरी उरते. तो पुस्तकाकडे वळला त्यात हा हिशेब नसेलच असं मला वाटत नाही.

आणि ही रेषा छपाईला फार सोयीची. फोटो किंवा छायाभेदाचं चित्र छापायचं तर त्याचे ठिपके पाडावे लागतात. गुळगुळीत आर्टपेपरवर इंचाला दीडशे ओळींची जाळी सुखाने उतरते, पण कादंबरीच्या खरखरीत पिवळसर कागदावर तीच जाळी बुजून राखाडी चिखल होतो. म्हणून चित्रांची पानं वेगळ्या कागदावर छापून पुस्तकाच्या मधोमध घालायची पद्धत पडली: गोष्ट एकीकडे, चित्रं दुसरीकडे, माहेर-सासर असल्यासारखी. शुद्ध काळ्या रेषेला हे काहीच लागत नाही. मजकुराच्याच प्लेटवर, त्याच शाईत, त्याच कागदावर ती अक्षराच्या खांद्याला खांदा लावून छापली जाते, वर खर्चही वाढत नाही. फक्त पथ्यं पाळावी लागतात. चित्र दीडपट काढून दोन तृतीयांश आकाराला आणलं की हाताची थरथर मिटते, पण रेषाही तेवढीच बारीक होते. मूळ रेषा केसासारखी असेल तर ती जागोजाग तुटते. आणि छायेसाठी आडव्या-उभ्या रेघांची दाट जाळी विणली असेल तर आकार कमी होताच मधली पांढरी घरं शाईने भरून जातात. शिवाय पातळ कागदावर मोठा काळा भाग आला की तो पाठच्या पानावर भुतासारखा उमटतो, त्यामुळे पाठीमागे काय येणार हेही आधीच ठरवायला हवं. चित्रकार एक, मांडणी करणारा दुसरा आणि लेखक तिसरा असला की ही पथ्यं तिघांच्या मध्ये कुठेतरी सांडतात. ग्रेच्या बाबतीत तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस होता.

‘लॅनार्क’ १९८१ साली आली तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता आणि त्यातली जवळपास पंचवीस वर्षं ही कादंबरी त्याच्या टेबलावर होती. तिचे चार भाग ३, १, २, ४ अशा क्रमाने येतात. प्रस्तावनेसारखं काहीतरी अकराव्या प्रकरणानंतर, आणि उपसंहार शेवटाच्या चार प्रकरणं आधी. पहिल्यांदा वाचणाऱ्याला बांधणीवाल्याने फर्मे उलटसुलट लावले की काय असं वाटतं. (खरोखर तसं झालं तर पृष्ठक्रमांक उड्या मारतात. इथे पृष्ठक्रमांक सरळ चालतात, उडी मारतो तो भागाचा क्रमांक.) प्रत्येक भागाला ग्रेने जुन्या कोरीव शीर्षकपानांच्या धाटणीचं पानभर चित्र काढलं. चौथ्या भागाचं चित्र तर थेट इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या १६५१ च्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथाच्या शीर्षकपानावरून. मूळ चित्रात डोंगरापलीकडून एक राजा वर येतो आणि नीट पाहिलं तर त्याचं धड शेकडो माणसांनी भरलेलं असतं. ग्रेने तो राजा ठेवला आणि त्याच्या पुढ्यात स्कॉटलंडचा मधला पट्टा पसरला, फोर्थ खाडीवरच्या रेल्वेपुलासकट. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं मूळ चित्र छापायला वेगळं यंत्र लागे, म्हणून असली पानं पुस्तकात पाहुण्यासारखी यायची. ग्रेने आव आणला तांब्याचा, काम केलं साध्या काळ्या रेषेचं, आणि पाहुण्याला घरात घेतलं. चार भागांची चार दारं. वाचक दारावरचं चित्र न्याहाळत उभा राहतो तेवढ्यात आत काय चाललं असेल याची कुणकुण लागते, आणि आत शिरल्यावर ती बहुतेकदा चुकीची निघते.

खरी धमाल उपसंहारात. नायक आपल्याच लेखकाला भेटतो, दोघं वाद घालतात, आणि तो वाद चालू असताना पानाच्या कडेला अरुंद रकान्यात एक सूची उतरत जाते: या कादंबरीत कुणाकुणाची वाङ्मयचोरी केली आहे तिची. चोरीचे प्रकारही पाडलेले: सबंध उतारा उचललेला, मजकुरात मुरवलेला, नुसता पसरलेला. खाली तळटीपा, त्या सिडनी वर्कमन नावाच्या एका कल्पित समीक्षकाच्या, आणि तो लेखकावर नाराज. एका पानावर तीन आवाज, तीन रुंदीचे. अक्षरजुळणी करणाऱ्याला हे दुःस्वप्न असतं. संवादात एक ओळ वाढली की तळटीप पुढच्या पानावर ढकलली जाते, आणि तिला ज्या शब्दावर खूण आहे तो शब्द मात्र मागेच राहतो. कडेच्या रकान्याचं गणित आणखी निराळं. सूचीत वर आणखी एक खोडी आहे. कादंबरीची प्रकरणं चव्वेचाळीस, आणि सूची त्यापुढच्या प्रकरणांतल्या चोऱ्याही इमानेइतबारे नोंदवते. न लिहिलेल्या प्रकरणांतल्या चोऱ्या! शेवटच्या तळटीपेत वर्कमन टंकलेखन करणारीपासून प्रकाशनातल्या माणसांपर्यंत मदत करणाऱ्यांची नावं घेतो आणि मग विचारतो, टेनेसीतल्या किंग्जपोर्टमध्ये ज्यांनी या मेल्या पुस्तकाची जुळणी केली त्यांचं काय? हे वाक्यही किंग्जपोर्टमध्येच जुळवलं गेलं. ते जुळवताना त्या माणसाचा हात क्षणभर थबकला असेल का, हे पुस्तकातल्या बऱ्याच मोठ्या प्रश्नांपेक्षा मला जास्त छळतं.

१९८४ च्या ‘१९८२, जनीन’मध्ये तो आणखी पुढे गेला. एका स्कॉटिश गावातल्या हॉटेलच्या खोलीत एक मध्यमवयीन माणूस रात्रभर व्हिस्की पीत पडलाय. अकराव्या प्रकरणात तो झोपेच्या गोळ्या गिळतो आणि पान फुटतं. शरीराचा ताप एका रकान्यात, वासनेची कल्पनाचित्रं दुसऱ्यात, आणि समासात अगदी बारीक अक्षरांत देवाचा आवाज, कुणीतरी दाराआडून बोलावं तसा. काही मजकूर उलटा. पुस्तक हातात फिरवावं लागतं, आणि फिरवताना वाचणाऱ्यालाही हलकीशी भोवळ येते. हे वर्णन करून साधलं नसतं. मग माणूस ओकतो, झोपतो, आणि पानं कोरी. यावर दुकानात तक्रारी आल्या असतील तर दोष वाचकांचा नाही, कारण कोरं पान हा छपाईतला ओळखीचा दोष आहे. यंत्राने दोन कागद एकदम ओढले की एका कागदाची एक बाजू छापायची राहते. पण त्याला स्वतःचा हिशेब असतो. सोळा पानांच्या फर्म्यात आतली बाजू राहिली तर २-३, ६-७, १०-११, १४-१५ ही पानं कोरी निघतात, मध्ये मजकूर येत राहतो. पाठपोट कोरं पान या चुकीतून निघूच शकत नाही. ग्रेची कोरी पानं सलग आहेत. छापखान्यातल्या माणसाला झोप आणि बिघाड यांतला फरक तेवढ्यावरून कळेल.

सगळंच मला पटतं असं नाही. कधी कधी पानाची हौस गोष्टीच्या मानगुटीवर बसते. २००० सालचं ‘द बुक ऑफ प्रेफेसेस’ घ्या. इंग्रजीतल्या शतकानुशतकांच्या प्रस्तावनांचा हा संग्रह जमवायला त्याची कितीतरी वर्षं गेली. मूळ प्रस्तावना काळ्या शाईत, आणि भाष्य कडेच्या समासात लाल शाईत. जुन्या पोथ्यांत दंड आणि समाप्तीच्या ओळी लाल असतात ते आठवावं. मांडणी मोठी हुशारीची आहे. दोन रंग म्हणजे दोन प्लेटा, आणि दुसरा रंग अर्धा मिलिमीटर सरकला तर काळ्या-लालची सरमिसळ लगेच डोळ्यात खुपते. पण लाल मजकूर आपल्या वेगळ्या रकान्यात एकटाच असल्याने एवढी सरक कुणाच्या लक्षातही येत नाही. हे मान्य. मात्र ती बारीक लाल अक्षरं रात्रीच्या पिवळ्या दिव्याखाली वीस मिनिटांत डोळ्यांत पाणी आणतात. लाल शाई कागदावर मुळातच काळीइतकी उठत नाही, ती मोठ्या अक्षराला किंवा एखाद्या ओळीला शोभते. पानच्या पान लाल वाचायचं तर अक्षर थोडं थोराड हवं होतं. चित्रकाराला पान बघायचं असतं आणि वाचकाला ते वाचायचं असतं. इथे चित्रकार जिंकला.

‘पुअर थिंग्ज’मध्ये मात्र कुणी जिंकलं-हरलं नाही. १९९२ सालच्या या कादंबरीत आपण एका जुन्या, स्वखर्चाने छापलेल्या आठवणींच्या पुस्तकाचे केवळ संपादक आहोत, असं ग्रे सांगतो. आठवणी एका डॉक्टरच्या. त्यानंतर त्याच्या बायकोचं पत्र, की हे सगळं थोतांड आहे. त्यानंतर संपादकाच्या टिपा, नकाशे-दाखल्यांनिशी, की नाही, डॉक्टरच खरा. आत एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं चित्र) म्हणून दिलेली चित्रं विल्यम स्ट्रँगच्या नावावर. स्ट्रँग हा खराखुरा स्कॉटिश एचिंगकार, चित्रं ग्रेची. आणि इथेही चिठ्ठी! पृष्ठ १८७ वरचं एचिंग प्रोफेसर शार्कोचं नसून काउंट रोबेर द मोंतेस्क्यूचं आहे, अशी. शार्को म्हणजे पॅरिसचा विख्यात मेंदूरोगतज्ज्ञ, मोंतेस्क्यू म्हणजे तिथलाच नटवा सरदार. पहिल्या चिठ्ठीत चूक नव्हती, नुसती चिठ्ठी होती. दुसरीत इतकी नेमकी चूक आहे की पुस्तकातलं बाकी सगळं खरं असणार असं क्षणभर वाटून जातं. खोटं पुस्तक खरं वाटावं यासाठी त्यात एक खरी दिसणारी चूक घालायची. बनावट जुनं नाणं मुद्दाम झिजवतात तसं.

या कादंबरीत शरीररचनेची जुनी चित्रंही येतात, ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’मधली. आडनावाची कोटी उघड आहे. पण त्या १८५८ च्या ग्रंथाची चित्रं हेन्री ग्रेची नव्हेत, हेन्री व्हॅनडाइक कार्टरची. लाकडाच्या ठोकळ्यांवर त्याने ती काढली, आणि स्नायूंची, शिरांची नावं अ, ब, क अशा खुणांऐवजी थेट त्या-त्या अवयवावर लिहिली. म्हणूनच विद्यार्थ्याला पान उलटून किल्ली शोधावी लागत नाही. घोटाळा त्यातही झाला: ठोकळे ठरलेल्या पानाच्या मानाने मोठे निघाले आणि मजकुराच्या चौकटीबाहेर चित्रं पसरली. आज आपल्याला त्याचाच भारदस्तपणा वाटतो. कार्टरला एकरकमी १५० पौंड मिळाले, आणि शीर्षकपानाच्या प्रुफावर ग्रंथकर्त्याने त्याच्या नावाचा टाइप आपल्याहून लहान करायला सांगितला. ग्रंथ निघाला त्या वर्षी कार्टर मुंबईत होता, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. पुढे काही वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. साताऱ्याच्या त्या दवाखान्यात ज्यांनी त्याला नाडी दाखवली त्यांना जगभरच्या डॉक्टरांचे हात या माणसाच्या रेषेवर तयार होताहेत हे कुठून कळणार? चित्रकाराच्या नावाचा टाइप कोण किती ठेवतो, ही गोष्ट लहान नाही. एका ग्रेने तो कमी केला. दुसऱ्या ग्रेने किंग्जपोर्टचे जुळारी कादंबरीत ओढून आणले.

त्याच्या पुठ्ठ्यावरही मजकूर असतो, जॅकेट काढल्याशिवाय न दिसणारा. त्या १९८३ च्या कथासंग्रहाच्या पुठ्ठ्यावरचं वाक्य असं: एका अधिक चांगल्या राष्ट्राच्या सुरुवातीच्या दिवसांत आपण जगतो आहोत असं समजून काम करा. हे मूळ कॅनडाच्या डेनिस ली या कवीच्या ओळींवरून घेतलं, असं ग्रे परत परत सांगत राहिला, आणि लोक ते परत परत त्याच्याच नावावर खपवत राहिले. २००४ मध्ये एडिंबरोला स्कॉटिश पार्लमेंटची नवी इमारत उघडली, तिच्या रस्त्याकडच्या भिंतीतल्या दगडावर ते कोरलेलं आहे, ग्रेच्याच नावाने. स्वतःच्या वाङ्मयचोऱ्यांची सूची छापणाऱ्याच्या वाट्याला हे यावं! जॅकेटखाली दडवलेलं वाक्य दगडावर गेलं तेही बघण्यासारखं, कारण पुठ्ठा हा पुस्तकाचा असा भाग की स्वस्त आवृत्ती निघाली की तो पहिल्यांदा जातो. मऊ बांधणीत जॅकेट नाही, जॅकेट नाही म्हणून जॅकेटखालची गंमत नाही. पडद्यावर वाचायच्या आवृत्तीत अक्षरांचा आकार वाचक ठरवतो, मग समासात कुजबुजणारा देव मजकुराच्या रांगेत येऊन उभा राहतो, रेशनच्या रांगेत उभं राहावं तसा. २०२३ मध्ये ‘पुअर थिंग्ज’वर चित्रपट आला, चार ऑस्कर घेऊन गेला. त्यात बायको आहे, डॉक्टर आहे, पण ग्लासगो नाही, संपादक नाही, टिपा नाहीत, बायकोचं ते सगळं खोडून काढणारं पत्र नाही. चित्रपट देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. त्याला शुद्धिपत्र घालता येत नाही एवढंच.

ग्रे २९ डिसेंबर २०१९ रोजी गेला, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्या बऱ्याच पुस्तकांच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत नुसतं ‘गुडबाय’ असतं. त्यानंतर पुठ्ठा.

पुन्हा चिठ्ठीकडे येऊ. ती यंत्राने पुस्तकात पडत नाही. एका मोठ्या कागदावर एकाच वाक्याच्या पंचवीस-तीस प्रती छापायच्या, गिलोटिनवर कापायच्या, गठ्ठे बांधायचे आणि बांधणीखात्यातल्या टेबलावर न्यायचे. तिथे डाव्या हाताने पुस्तक उघडायचं, उजव्या हाताने पट्टी सरकवायची, मिटायचं, बाजूच्या थप्पीवर ठेवायचं. पुढचं पुस्तक. अंगठ्याला पाण्याचा स्पंज लावलेला, कारण कोरड्या बोटाला पट्ट्या दोन-दोन येतात. आणि एखाद्या प्रतीत खरोखरच दोन गेल्या असतील, तर त्यातली एक तरी नक्कीच चुकून घातली गेली होती.